फादर स्टीफन्स यांना ओवी कुणी शिकवली?

मराठीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. अमुक कवीवर तमुक कवीचा प्रभाव सोदाहरण स्पष्ट करा. उत्तराची रीतही ठरलेली आहे. दोघांच्या चार-चार ओळी शेजारी ठेवायच्या, साम्य दाखवायचं आणि म्हणून प्रभाव सिद्ध होतो असं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. पण साम्य दाखवणं आणि प्रभाव सिद्ध करणं ही एकच गोष्ट आहे का? गेले काही महिने फादर थॉमस स्टीफन्स यांच्याविषयी वाचताना मला हा प्रश्न सोडत नाही. ख्रिस्तपुराणाबद्दल बोलायला लागलं की ज्ञानेश्वर आणि एकनाथ ही नावं दोन मिनिटांत येतातच. ती चुकीची आहेत असं मी म्हणत नाही. पण ती आपल्याला कशी कळली, हे विचारायला हवं. त्यासाठी आधी या माणसाचं आयुष्य बघू.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातल्या बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक म्हणून उघडपणे राहणं कठीण झालं होतं. तरुण स्टीफन्स यांची गाठ टॉमस पाउंड नावाच्या एका कॅथलिक गृहस्थाशी पडली. पाउंड यांच्यासोबत ते नोकराच्या वेशात हिंडायचे. दोघांनी मिळून रोमला जायचं आणि जेझुइट व्हायचं असं ठरवलं होतं. पाउंड पकडले गेले आणि पुढची अनेक वर्षं तुरुंगात राहिले. स्टीफन्स निसटले. ऑक्टोबर १५७५ मध्ये रोममध्ये त्यांनी जेझुइट संघात प्रवेश घेतला.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून गोव्याकडे जाणाऱ्या जहाजावर चढले. त्या ताफ्यात पाच जहाजं होती. आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांहून जास्त प्रवास झाला आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात वारे आहेत, समुद्रपक्षी आहेत, शार्क मासे आहेत, जहाजावर पसरणारं आजारपण आहे. पुढे हॅक्लुइट या इंग्रज संपादकाने ते पत्र आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचं नाव घेतलं जातं, ते या पत्रामुळे. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्यांचे इंग्रज सोबती गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांना सोडवायला ज्यांनी धावपळ केली त्यांत स्टीफन्सही होते. तो त्यांचा मायदेशाशी आलेला दुर्मीळ संबंध. इंग्लंडला ते परत कधीच गेले नाहीत. त्यांची पुढची चाळीस वर्षं गोव्यात, त्यातही बहुतेक साष्टीत गेली. मडगाव, राय, राशोल हा तो मुलूख. १६१९ मध्ये ते गोव्यातच वारले.

ही चाळीस वर्षं कशी होती, हेही लक्षात घ्यायला हवं. इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यात आलं होतं. साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली होती. हिंदूंच्या पोथ्या बाळगणं धोक्याचं झालं होतं. स्टीफन्स यांना येऊन चार वर्षं होत होती, तेव्हा जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. त्यांतले एक, रोदोल्फो आक्वाविवा, आधी अकबराच्या दरबारी राहून आले होते. नंतर पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या गांवकारांना बोलणी करण्याच्या निमित्ताने बोलावून ठार केलं. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला स्टीफन्स यांनी आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. त्यात कुंकळ्ळीची हकिगत आहे, आणि त्याच पत्रात एक वेगळीच नोंद आहे. इथल्या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहीत आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनच्या जवळची आहे, अशा आशयाची. भाषाकुळाची कल्पना मांडणारं विल्यम जोन्स यांचं प्रसिद्ध भाषण १७८६ चं. म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधी या माणसाचा कान हे टिपत होता. आजूबाजूला रक्त सांडत असताना भाषेची घडण न्याहाळणारं हे मन मला चकित करतं, आणि थोडं अस्वस्थही करतं. कारण ज्या सत्तेने इथल्या पोथ्या नाहीशा केल्या, त्याच सत्तेच्या छत्राखाली हा माणूस इथली भाषा शिकत होता.

त्यांनी ती भाषा नुसती बोलण्यापुरती शिकली नाही. त्यांच्या नावावर तीन ग्रंथ आहेत. कोंकणीतली ख्रिस्ती शिकवणीची पुस्तिका १६२२ मध्ये राशोलला छापली गेली. कोंकणीचं व्याकरण १६४० मध्ये तिथेच निघालं, त्यात दियोगु रिबेरु आणि इतरांनी भर घातली होती. भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून ते ओळखलं जातं. (पोर्तुगीज मंडळी कोंकणीला कानारीं म्हणत. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला या नावाची गंमत वाटेल.) ही दोन्ही पुस्तकं लेखकाच्या मृत्यूनंतरची. त्यांच्या हयातीत छापून आलं ते ख्रिस्तपुराण. साल १६१६, ठिकाण राशोल. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूचं चरित्र. मिळून ९५ अवस्वरु, म्हणजे अध्याय, आणि सुमारे अकरा हजार ओव्या. भाषा मराठी आणि लिपी रोमन. देवनागरीचे खिळे पाडावेत ही इच्छा त्यांनी १६०८ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात कळवली होती. जोडाक्षरांसह शेकडो साचे लागतील याचा हिशेबही केला होता. ते काही झालं नाही.

ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्याच्या जन्माचं कारण सांगितलं आहे. साष्टीतल्या देवळात रविवारी शिकवण चाललेली असताना एक बाटलेला ब्राह्मण म्हणतो, की आम्हाला शिकवण मिळाली हे बरं झालं, पण पूर्वी आमची पुराणं होती, तसं वाचायला-ऐकायला काही दिलंत तर मन रमेल. वाचताना मी इथे थांबतो. पोथ्या गेल्या, पण कान तसेच राहिले. ती सवय या एका विनंतीत उरली आहे.

आता प्रभावाकडे येऊ. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत स्टीफन्स यांनी आपल्या भाषेविषयी थोडा खुलासा केला आहे. देवाच्या गोष्टींना योग्य वाटली म्हणून मराठी निवडली, पूर्वीच्या कवींचे बरेचसे अवघड शब्द गाळले, सध्याच्या कवींची रीत धरली आणि ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे बघा, त्यांनी मराठी कवी वाचले किंवा ऐकले होते हे त्यांच्याच तोंडून कळतं. जुने कळले, नवे कळले, दोन्हींतला फरकही कळला. पण नाव? एकही नाही.

समीक्षक ही रिकामी जागा भरतात. जुना कवी म्हणजे ज्ञानेश्वर, नवा म्हणजे एकनाथ. काळ जुळतो. ज्ञानेश्वरी १२९० ची. एकनाथ १५३३ ते १५९९ या काळातले, आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनी १५८४ च्या सुमारास सिद्ध केली, तेव्हा स्टीफन्स साष्टीत होते. पोथ्या हाती येण्याची शक्यताही होती. हिंदू घरांतून आणलेल्या पोथ्या जेझुइटांनी भाषांतर करवून घेतल्या, याच्या नोंदी सोळाव्या शतकातल्या त्यांच्याच पत्रांत आहेत. रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवलेली मराठी-कोंकणी हस्तलिखितं आजही पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरी आहेत. म्हणजे दार उघडं होतं. पण उघड्या दारातून कोण आत आलं, हे दार सांगत नाही.

साम्यांचं काय, असं तुम्ही म्हणाल. त्यांतली तीन ठळक साम्यं घेऊ.

पहिलं, मराठीचा गौरव. ख्रिस्तपुराणातल्या मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या आपल्यापैकी अनेकांना पाठ आहेत. ज्ञानेश्वरांनी मराठीचा अभिमान मिरवला, एकनाथांनीही मराठीची बाजू घेतली. म्हणून स्टीफन्स त्यांच्याच पंगतीतले, असं म्हणता येतं. पण त्याच काळात युरोपातही हीच हवा होती. लॅटिनच्या सावलीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक भाषेचा कुणी ना कुणी वकील उभा राहत होता. पोर्तुगीज भाषेची स्तुती करणारा जुआंव द बारुश यांचा संवाद १५४० चा. फ्रेंचची बाजू मांडणारं द्यु बेले यांचं पुस्तक १५४९ चं, म्हणजे स्टीफन्स जन्मले त्याच सुमाराचं. मग मराठीचा गौरव पैठणहून आला की पॅरिसहून?

दुसरं, धर्मकथेवरचं दीर्घ काव्य. आपल्याकडे एकनाथांचं भागवत आणि भावार्थ रामायण आहे. पण रोममध्ये शिकलेल्या माणसासमोर आणखी एक नमुना होता. सान्नाझारो यांचं मरियेवरचं लॅटिन काव्य १५२६ चं आणि विदा यांचं ख्रिस्तावरचं महाकाव्य १५३५ चं.

तिसरं, प्रश्नोत्तराची बैठक. श्रोता शंका विचारतो, वक्ता सांगतो. आपल्याला लगेच गुरु-शिष्यसंवाद आठवतो. पण ख्रिस्ती शिकवणीची पुस्तकंही प्रश्नोत्तरांचीच असतात, आणि तसलं एक स्टीफन्स यांनी स्वतः लिहिलं.

तिन्ही ठिकाणी दोन-दोन उगम निघतात. कदाचित दोन्ही खरे असतील. दोन नद्या मिळाल्यावर हे पाणी कुठलं आणि ते कुठलं, हे भांडं बुडवून सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र फक्त इथलीच. ती म्हणजे ओवी. पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा मोकळा, ही घडण विल्टशरमध्ये नव्हती, रोममध्ये नव्हती. इथे प्रभाव निर्विवाद आहे. पण कुणाचा? ओवी काही फक्त ग्रंथात राहत नव्हती. ती पुराणिकाच्या तोंडी होती, कीर्तनात होती, पहाटे जात्यावर होती. चाळीस वर्षं साष्टीत राहिलेल्या माणसाच्या कानावर ती पोथीतूनच पडली असेल, असं धरून चालायला आधार काय? एखाद्या बाटलेल्या शेणवी घरातल्या म्हाताऱ्याने त्यांना चरण मोजायला शिकवलं असेल. आंघोळीला निघालेल्या फादरांनी शेजारच्या घरातलं जातं ऐकलं असेल. हे माझे तर्क आहेत. पण ज्ञानेश्वरीची प्रत त्यांच्या मेजावर होती, हाही तर्कच आहे. फरक इतकाच, की दुसऱ्या तर्कात मोठं नाव आहे म्हणून तो पुस्तकात छापला जातो.

इथेच मला खरी मेख वाटते. प्रभाव शोधताना आपण ज्यांची पुस्तकं उरली त्यांच्यात शोधतो, कारण शोधता येतं ते तिथेच. ज्यांनी माणसाला भाषा शिकवली, चुकलेला उच्चार हसून दुरुस्त केला, हा शब्द सभेत चालतो आणि तो चालत नाही हे सांगितलं, त्यांचं काहीच लेखी नसतं. फादर स्टीफन्स यांना मराठी आणि कोंकणी कुणीतरी शिकवली. परक्या माणसाने अकरा हजार ओव्या रचाव्यात इतकी ती मुरवली. त्या शिक्षकांतलं एकही नाव आपल्या अभ्यासक्रमात नाही. त्यांतले काही आपला धर्म नुकताच गमावलेले, आपलं देऊळ पडताना पाहिलेले असणार. प्रस्तावनेत कुणाचं नाव न घेण्यामागे वेळेचा धाकही असेल. छापायचं तर परवानगी इन्क्विझिशनची लागायची. अशा पुस्तकात हिंदू संताचे आभार मानणं कसं शक्य होतं? पण हे मौन भीतीचं, अनास्थेचं की कवीच्या नेहमीच्या सवयीचं, हे त्या मौनातून कळत नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. आपण वाचतो ते ख्रिस्तपुराण नेमकं कोणतं? १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. ग्रंथ जगला तो हातांनी नकलून आणि तोंडांनी गाऊन. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनी तो जपला. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला हस्तलिखितांवरून रोमन लिपीत तो छापला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून आली. मधल्या काळात जस्टिन अॅबट यांना लंडनमधल्या मार्सडन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित सापडलं. त्यात रोमन पाठातले पोर्तुगीज-लॅटिन शब्द नाहीत, त्या जागी संस्कृत वळणाचे आहेत. अॅबट यांना वाटलं, हेच मूळ. इतरांना वाटलं, हा नंतर कुणीतरी केलेला बदल. आता विचार करा. संतकाव्याशी जवळीक दाखवणारा एखादा शब्द मार्सडन प्रतीत असेल आणि रोमन पाठात नसेल, तर तो प्रभाव स्टीफन्स यांच्यावरचा की नकलून घेणाऱ्यावरचा? कवीच्या मनात शिरायच्या आधी समीक्षकाला पाठाच्या उंबऱ्यावरच अडखळावं लागतं.

एवढं सगळं कशासाठी, एका कवीवर कुणाचा प्रभाव पडला याने आपल्याला काय फरक पडतो, असंही कुणी विचारेल. पडतो. आपण कोंकणी, मराठी आणि कन्नड तिन्ही कानांवर घेऊन वाढलेली माणसं. फादर स्टीफन्स आमचे, असं कोंकणीवाले म्हणतात, मराठीवाले म्हणतात, ख्रिस्ती म्हणतात. संतांचा प्रभाव ठळक केला की ते वारकऱ्यांच्या परंपरेत जाऊन बसतात आणि त्यांच्यामागची सत्ता विसरली जाते. धर्मप्रसाराची युक्ती एवढंच म्हटलं की अकरा हजार ओव्यांमागचा जिव्हाळा पुसला जातो. प्रभावाबद्दलचं प्रत्येक विधान म्हणजे मालकीचा एक दावा असतो. म्हणून ते करताना पुरावा कुठे संपतो आणि इच्छा कुठे सुरू होते, हे सांगायला हवं.

समीक्षकाला काहीच कळत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. कोणत्या काळात काय उपलब्ध होतं, कोणता छंद कुठून आला, कोणता शब्द कुठल्या प्रतीत आहे, हे त्याला कळू शकतं, आणि हे काम लहान नाही. साल्ढाणा, अॅबट, प्रियोळकर यांच्यासारख्यांनी ते केलं नसतं तर मला हा लेखही लिहिता आला नसता. कोणता प्रभाव अशक्य होता, हेही समीक्षक खात्रीने सांगू शकतो. कवीच्या आत काय घडलं, कुठली ओळ कुणाचा आवाज आठवून लिहिली गेली, हे त्याच्या हातात नाही. कित्येकदा ते कवीच्याही हातात नसतं. फादर स्टीफन्स यांना आज विचारता आलं असतं, तरी जात्यावरची कुठली ओवी कधी कानात बसली हे त्यांना आठवलं असतंच, असं नाही.

तेव्हा परीक्षेत तो प्रश्न आला तर जरूर लिहा. ज्ञानेश्वर लिहा, एकनाथ लिहा, साम्यं दाखवा. फक्त शेवटी आणखी दोन ओळी लिहून बघा. एक, हे साम्य दुसऱ्या कुठल्या उगमातून येऊ शकतं का. दोन, ज्यांची पुस्तकं उरली नाहीत अशा कुणी हे शिकवलं असेल का. गुण वाढतील याची खात्री नाही. पण साष्टीतल्या त्या रविवारी पुराण मागणारा ब्राह्मण, ज्याचं नाव ग्रंथातही नाही, तो निदान आपल्या उत्तरपत्रिकेत तरी येईल.